देवळालीचा ताप

नाशिकजवळची देवळाली महाराष्ट्राला ठाऊक आहे ती तिथल्या आरोग्यदायी हवेमुळे आणि तोफखान्याच्या छावणीमुळे. परंतु या गावाने इंग्रजी भाषेला एक शब्द बहाल केला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांच्याच ध्यानी आले असेल. इंग्रजी शब्दकोशात 'डूलॅली' असा एक शब्द आढळतो. अर्थ असा की डोके फिरलेला, भ्रमिष्ट. हा शब्द म्हणजे गोऱ्या शिपायाच्या तोंडी मोडतोड झालेली आपली देवळालीच होय. पूर्वी तो 'डूलॅली टॅप' असा जोडीने वापरला जाई, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपल्या घरोघरी बोलला जाणारा ताप.

देवळालीची छावणी १८६१ साली वसली. नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे मुक्काम करीत. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे, त्याच्या वाट्याला कित्येक महिन्यांचे रिकामपण येई. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या मुक्कामाचे वर्णन केले आहे. वर्षानुवर्षे चांगली वर्तणूक असलेली माणसे येथे बिघडत, असे तो सांगतो. हा सारा ताप युद्धाचा होता, असा आमचा दावा नाही. त्यात ऊन, हिवताप, दारू आणि कंटाळा यांचाही वाटा होता. तथापि शिपायाचे मन आजारी पडू शकते, हे त्याच्या सोबत्यांना दिसले, आणि त्यांनी त्याला नाव दिले ते थट्टेचे. ही थट्टा पुढेही टिकली. १९७४ ते १९८१ या काळात इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर एक विनोदी मालिका गाजली, तिचे प्रारंभीचे कथास्थळ देवळालीची छावणीच होते.

वाचकहो, या शब्दाचे आम्हांला हसू येत नाही. त्याचे कारण सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी नाशिक परिसरातील एका लहानशा धर्मग्रामात आम्ही नव्याने रुजू झालो होतो. पहिलाच नाताळ. मध्यरात्रीच्या मिस्सात गौरवगीत सुरू झाले, घंटा वाजू लागल्या आणि बाहेर अंगणात तरुणांनी फटाक्यांची माळ लावली. त्याच क्षणी तिसऱ्या बाकावरचे एक निवृत्त हवालदार उठले आणि माणसांना ढकलत बाहेर पडले. मिस्सा आटोपल्यावर ते सापडले चर्चच्या मागच्या भिंतीपाशी. दोन्ही हातांनी डोके झाकून ते उकिडवे बसले होते आणि थंडीतही त्यांचा सदरा घामाने भिजला होता. "हवालदार आज पुन्हा झोकून आलेत," असे कोणी तरी म्हणाले आणि चार माणसे हसली. आम्ही हसलो नाही, परंतु विश्वास मात्र ठेवला. दोन दिवसांनी त्यांना बोलावून आम्ही दारूच्या दुष्परिणामांवर चांगला अर्धा तास उपदेश केला. ते हात पँटच्या शिवणीला लावून, कवायतीत उभे राहावे तसे उभे होते. शेवटी एवढेच म्हणाले, "फादर, त्या रात्री मी थेंबभरही घेतली नव्हती. येतो मी."

सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविले गेले, ईशज्ञान शिकविले गेले. या माणसाला काय झाले होते, त्याचे नाव मात्र आमच्यापाशी नव्हते. ते शोधता शोधता जो इतिहास हाती आला, तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

शिपायाच्या मनाला होणारी जखम नवी नाही, नवी आहेत ती तिची नावे. १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडविला. घराच्या ओढीने माणूस झुरतो, जेवण टाकतो, प्रसंगी मरतो, असा तो आजार. परदेशी राजांच्या चाकरीत असलेल्या स्विस शिपायांशी या नावाचा संबंध पुढे विशेष जोडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी फिलाडेल्फियाच्या सैनिकी रुग्णालयात छातीत धडधड, धाप आणि अतिथकवा असलेले सुमारे तीनशे रुग्ण अभ्यासले आणि १८७१ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी त्या आजाराला 'चिडखोर हृदय' म्हटले. आधी दोष घराच्या ओढीचा ठरला, मग काळजाचा. जे पाहिले आणि जे करावे लागले, त्याचा तो परिणाम असू शकेल, ही गोष्ट त्या नावांमध्ये आली नाही.

पहिल्या महायुद्धात ही जखम झाकून ठेवणे अशक्य झाले. अंगावर ओरखडाही नसलेले शिपाई मुके, आंधळे, लंगडे होऊन खंदकांतून परतू लागले. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात अशा तीन रुग्णांची हकिकत दिली आणि 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हे नाव छापील वैद्यकात आले. गोळा जवळ फुटल्याने मेंदूला हादरा बसतो, अशी आरंभीची समजूत होती. परंतु ज्यांच्या आसपास गोळा फुटलाच नव्हता, त्यांनाही हीच लक्षणे दिसू लागली, आणि हे नाव अपुरे आहे हे स्वतः मायर्स यांच्याच लक्षात आले. १९१६ च्या सोमच्या लढाईनंतर रुग्णांचा लोंढा एवढा वाढला की १९१७ साली लष्कराने आघाडीवर तो शब्द वापरण्यासच बंदी घातली. त्याऐवजी कागदावर 'मज्जासंस्थेचा विकार, निदान बाकी' अशा अर्थाचा शेरा मारला जाऊ लागला. शब्द काढून टाकला की आजारही जाईल, अशी सरकारी कचेऱ्यांची समजूत सर्व काळी सारखीच असते. ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांचा आकडा ऐंशी हजारांच्या घरात गेला.

एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय होते. तेथील डॉ. रिव्हर्स हे मूळचे मानवंशशास्त्राचेही अभ्यासक. आपल्या नीलगिरीतील तोडा लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ सालचा. दूरच्या माणसांचे बोलणे धीराने ऐकण्याची सवय त्यांना तेथेच लागली असावी. 'विसरून जा, मनाला दुसरीकडे गुंतव' असा उपदेश त्या काळी सर्रास केला जाई. रिव्हर्स यांचे म्हणणे उलट होते. आठवण कोंडून ठेवली की ती रात्री स्वप्नांत येऊन हल्ला करते, म्हणून तिच्याकडे पाहावे, ती बोलून दाखवावी, आणि तिच्यात काही सोसता येण्याजोगे आहे का, ते डॉक्टरांसह शोधावे. १९१७ साली सीगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन हे दोन कवी या रुग्णालयात होते. उपचार सफल झाला याचा अर्थ मात्र पुन्हा आघाडीवर जाण्यास लायक ठरणे असा होता. ओवेन परत गेले आणि युद्धविरामाला जेमतेम आठवडा उरला असता, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी मारले गेले.

हे झाले अधिकाऱ्यांचे. साध्या शिपायाच्या नशिबी पुष्कळदा वेगळे नाव आणि वेगळे उपचार येत. वाचा गेलेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते केल्याची वर्णने लंडनच्या डॉ. यीलंड यांनी १९१८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली आहेत. आणि काहींच्या वाट्याला 'भित्रा' हे नाव आले. हॅरी फार हा पंचवीस वर्षांचा शिपाई १९१५ साली शेल शॉकमुळे पाच महिने रुग्णालयात होता. पुढच्या वर्षी सप्टेंबरात त्याने आघाडीवर जाण्यास नकार दिला. त्याच्यावर लष्करी खटला चालला. त्याला पूर्वी तपासलेले डॉक्टर स्वतः जखमी असल्याने साक्षीस येऊ शकले नाहीत, आणि त्याच्या बाजूने बोलणारा वकीलही नव्हता. १८ ऑक्टोबर १९१६ रोजी पहाटे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या मागे पत्नी आणि लहान मुलगी होती. त्याच्यासारखा शूर शिपाई दुसरा नव्हता, असे सैन्यातील धर्मगुरूने त्या विधवेला कळविले होते, ही आठवण त्या कुटुंबाने जपून ठेवली. पळून जाणे, भ्याडपणा आणि तत्सम आरोपांखाली देहान्त शासन झालेल्या ३०६ शिपायांना ब्रिटिश संसदेने २००६ साली कायद्याने क्षमा केली. फारची मुलगी तेव्हा नव्वदी ओलांडलेली होती. एका चुकीच्या नावाची दुरुस्ती व्हायला नव्वद वर्षे लागली.

त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या खंदकांत उभ्या राहिलेल्या आपल्या शिपायांविषयी वरिष्ठांच्या मनात एक संशय बळावला, तो असा की हाताला झालेल्या जखमा यांनी स्वतःच करून घेतल्या असाव्यात. ब्रायटन येथील किचनर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी एक हजार जखमा तपासून अहवाल लिहिला. संशयाला आधार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. गोऱ्या अधिकाऱ्याच्या थरथरत्या हातासाठी निदान एक वैद्यकीय शब्द शोधला जात होता. आमच्या शिपायाच्या रक्ताळलेल्या हाताकडे प्रथम आरोपी म्हणून पाहिले गेले.

मराठी मुलखाचा संबंध तर याहून जवळचा आहे. मेसोपोटेमियात कुट-अल-अमारा येथे १९१५ च्या डिसेंबरात जे सैन्य वेढ्यात सापडले, त्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी होत्या. १४७ दिवसांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या कैदेत गेली, आणि त्यातील हजारो वाळवंटातील पायपिटीत व छावण्यांत दगावली. जे घरी परतले त्यांना गावाने पदके विचारली, जमिनीचे विचारले. रात्री ओरडत उठणाऱ्या माणसासाठी आपल्या खेड्यांत शब्द होते, पण कोणते? झपाटलेला, बाहेरचे लागलेला, बाटलीला लागलेला. देवळालीच्या छावणीतील थट्टेपेक्षा आपली भाषा फारशी दयाळू नव्हती.

नाव बदलण्याचा खरा प्रयत्न झाला तो व्हिएतनामच्या युद्धानंतर, आणि तो मुख्यतः शिपायांनी स्वतः केला. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये परतलेले काही सैनिक आपसांत बसून बोलू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शटान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात सामील झाले, ते वरच्या आसनावर बसून नव्हे तर त्यांच्यातलेच होऊन. बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात सेरा हेली या समाजसेविका १९६९ साली कामावर रुजू झाल्या. पहिल्याच दिवशी एक रुग्ण आला. आपल्या तुकडीने गावकऱ्यांची कत्तल केल्याचे तो सांगत होता. इतर कर्मचाऱ्यांनी हा भ्रम आहे असे ठरवून टाकले. हेलींनी मात्र त्यावर विश्वास ठेवला. थोड्याच आठवड्यांत माय लाय येथील हत्याकांडाची बातमी जगभर पसरली. पुढे १९७४ साली हेलींनी लिहिलेल्या निबंधाने अशा रुग्णांचे ऐकावे कसे, हे उपचार करणाऱ्यांना शिकविले.

या साऱ्यांच्या खटपटीतून १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव दाखल झाले. मराठीत त्याला आघातोत्तर ताणविकार म्हणता येईल. नाव रुक्ष आहे, पण त्यात एक मोठी गोष्ट आहे. दोष माणसाच्या काळजात किंवा शौर्यात नसून त्याच्यावर गुदरलेल्या घटनेत आहे, हे त्याने मान्य केले. लक्षणे तीच, जी आम्ही त्या नाताळच्या रात्री पाहिली आणि ओळखली नाहीत. घडून गेलेली गोष्ट आठवण म्हणून न येता पुन्हा घडत असल्यासारखी येते. तिची सय देणाऱ्या जागा, आवाज, माणसे टाळली जातात. शरीर सदैव पहाऱ्यावर असते, झोप लागत नाही, राग आवरत नाही. पुष्कळ जण दारूचा आधार घेतात. मग जगाला केवळ बाटली दिसते.

हा विकार प्रत्येक शिपायाला होतो असे नाही. अमेरिकेत केलेल्या मोठ्या पाहणीनुसार व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना तो आयुष्यात केव्हा ना केव्हा झाला. २००६ साली त्याच माहितीची अधिक कडक फेरतपासणी झाली तेव्हा हे प्रमाण सुमारे १९ टक्के निघाले. कमी आकडा धरला तरी पाचांत जवळजवळ एक. कारणांपैकी एकाचा विचार येथे करावासा वाटतो. या युद्धात शिपाई एकेकटा जाई, वर्षभराने एकेकटा परते, आणि विमानामुळे रणांगणातून निघालेला माणूस एक-दोन दिवसांत आपल्या स्वयंपाकघरात उभा असे. रण आणि घर यांच्यामधले अंतर नाहीसे झाले होते. जुन्या जहाजांवर सोबती होते, आठवडे होते, बोलणे होते. मधला मुक्काम वाईट नव्हता, रिकामा मुक्काम वाईट होता. देवळालीत मुक्काम होता, पण ऐकणारा कोणी नव्हता.

हे मधले अंतर प्राचीनांना ठाऊक होते. बायबलमधील 'गणना' या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात युद्धाहून परतलेल्यांना सात दिवस छावणीबाहेर राहून शुद्ध होण्यास सांगितले आहे. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईनंतर नॉर्मंडीच्या बिशपांनी विजयी सैनिकांसाठी प्रायश्चित्ताचे नियम केले आणि पोपचे प्रतिनिधी एर्मेनफ्रिड यांनी त्यांना मान्यता दिली. ज्याने माणूस मारला हे त्याला ठाऊक आहे, त्याला प्रत्येक माणसामागे एक वर्ष. ज्याने वार केला पण समोरचा मेला की जगला हे कळले नाही, त्याला प्रत्येकी चाळीस दिवस. किती मारले हे ज्याला ठाऊकच नाही, त्याला आठवड्यातून एक दिवस, जन्मभर. बाण सोडणाऱ्यांचाही वेगळा विचार केला होता, कारण आपला बाण कोणाला लागला हे धनुर्धाऱ्याला कळत नाही.

पूर्वी हे नियम वाचताना आम्हांला त्यात केवळ मध्ययुगीन हिशेबीपणा दिसे. आज वेगळे दिसते. ही माणसे जिंकलेली होती, आपल्या राजाची बाजू न्यायाची आहे असे त्यांना सांगितले गेले होते. तरीही तुम्ही केले ते जड आहे, ते आम्ही तुमच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणार नाही, त्याला वाट आहे आणि त्या वाटेला शेवट आहे, असे त्यांना कोणी तरी म्हटले. आधुनिक अभ्यासक जिला नैतिक जखम म्हणतात, ती भीतीची नसते. ती आपण केलेल्या, किंवा आपल्याला थांबविता न आलेल्या गोष्टीची असते. जोनाथन शे या डॉक्टरांनी १९९४ सालच्या आपल्या ग्रंथात होमरचा अकिलिस आणि व्हिएतनामचे सैनिक शेजारी बसवून हीच गोष्ट दाखविली. 'तुझे काही चुकले नाही' एवढे म्हटल्याने ही जखम भरत नाही. प्रायश्चित्त संस्काराची खुर्ची आणि डॉक्टरांची खुर्ची एक नव्हे, एकीने दुसरीची जागा घेऊही नये. परंतु दोन्हीकडे पहिले काम एकच आहे, ते ऐकण्याचे. ज्याची झोप उडाली आहे त्याला केवळ प्रार्थना सांगून परत पाठविणाऱ्या धर्मगुरूने आपले काम अर्धेच केले, असे आम्ही स्वानुभवाने म्हणतो. शासनाची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे, आणि सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. हे आपल्या धर्मग्रामांतील सैनिक कुटुंबांना ठाऊक असले पाहिजे.

आता त्या हवालदारांविषयी. त्या उपदेशानंतर ते काही महिने चर्चला आले नाहीत. त्यांच्या पत्नी एकदा सहज म्हणाल्या, "फादर, एकाहत्तरच्या डिसेंबरात हे सरहद्दीवर तोफेवर होते. नाताळ जवळ आला की आमच्या घरात रात्र नसते." तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि प्रथम क्षमा मागितली. त्या दिवशी ते फक्त पावसाविषयी बोलले. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा गेलो. पाचव्या की सहाव्या भेटीत त्यांनी एका सोबत्याचे नाव घेतले आणि बराच वेळ बोलत राहिले. ते काय बोलले, हे येथे लिहिण्याचा आम्हांला अधिकार नाही. पुढे ते नाशिकच्या एका डॉक्टरांकडे नियमित जाऊ लागले. पूर्ण बरे झाले असे म्हणवत नाही, पण झोप येऊ लागली.

पुढच्या नाताळला धर्मग्राम समितीने एक साधा ठराव केला. मिस्सा चालू असता फटाके लावायचे नाहीत. मिस्सा संपल्यावर, आधी सांगून, पलीकडच्या शेतात लावायचे. कारण कोणी विचारले नाही, बहुधा सर्वांना ते कळले होते. त्या रात्री हवालदार दारालगतच्या शेवटच्या बाकावर बसले होते. गौरवगीत सुरू झाले, घंटा वाजल्या. आमचे लक्ष त्यांच्याकडे गेले. त्यांनी दाराकडे एकदा पाहिले आणि मग इतरांबरोबर गाऊ लागले.